पुढे झुकलेली अक्षरं

पंचवटी, नाशिक
रविवार, ८ नोव्हेंबर १९३६

प्रिय इब्राहिमभाई यांस,
गोटीराम मास्तरांचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मनाला चैन नाही. ईद झाली की तुमचा नियाज तुम्हाला आणि खातूनबींना भिवंडीला नेणार, तुम्ही पटाश्या विकून टाकणार आणि तिथे मागावर कांड्या भरायला बसणार, एवढं वाचलं आणि कागद खाली ठेवला. व्यापारी आता मुंबईहून छापील तिकिटं आणून साडीच्या घडीवर चिकटवतात, पदरावर उठणारा तुमचा ठसा कुणालाच नको झाला, हे मला कळतं. पण ज्या हाताने लाकडाच्या तुकड्यातून हरीण बाहेर काढलं, त्या हाताने कांड्या भरायच्या?

तर आता ऐका. माझा भाचा वाल्मीक याने मेन रोडला सायकलींचं दुकान काढलं आहे. सुटे भाग विलायतेहून मागवतो, इथे जोडतो आणि वर आपलं नाव घालतो, ‘भरारी’. नाताळच्या सुटीत, २७ डिसेंबरच्या रविवारी, नाशिक ते त्र्यंबक आणि परत अशी शर्यत त्याने ठेवली आहे. त्याची जाहिरात गावोगावच्या भिंतींवर लागायची आहे. तिच्यात ‘भरारी’ हा शब्द वीतभर उंच हवा, जाड हवा, आणि तिरका हवा. मुंबईत कुठल्याशा इंग्रजी पाटीवर त्याने तशी अक्षरं पाहिली. मला म्हणतो, “मामा, उभं अक्षर म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल. मला चालती हवी.”

मी म्हटलं, अरे, सारी नोकरी मी पोरांची तिरकी अक्षरं उभी करण्यात घालवली. मोडी झुकते ती लिहिणाऱ्याच्या घाईने, तिला ते शोभतं. बालबोध अक्षराने कसं, प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलासारखं उभं राहावं. पण ऐकतो कोण.

छापणार आहेत काळूशेठ. त्यांच्या छापखान्यातली मोठी लाकडी अक्षरं झिजून बोथट झाली आहेत, आणि तिरकी तर त्यांच्याकडे नाहीतच. मी तुमचं नाव काढलं. ते म्हणाले तसंच लिहितो: “ठसेवाल्याची अक्षरं माझ्या यंत्राखाली टिकली आणि रस्त्यावरच्या माणसाला थांबवती झाली, तर मुळाक्षरांचा सबंध संच त्याच्याकडून कोरून घेईन. त्याने घरी बसून करावं, मला इथे गर्दी नको.” इब्राहिमभाई, म्हणजे मालेगाव सोडायला नको आणि पटाश्याही विकायला नकोत.

सोबत अक्षरं मोठी काढून पाठवतो आहे. उभी आहेत. तिरकी काढायला माझा हात धजत नाही, खोटं कशाला बोलू. झुकवायचं काम तुमचं. पळणारा माणूस पुढे झुकतो, तेवढी झुकवा.

मालेगावला असताना शाळा सुटली की मी तुमच्या पायरीवर येऊन बसायचो, मोसम नदीवरून वारा यायचा, तुम्ही दारात ठसा कोरायचात. मी मुलांसाठी रचलेली कविता म्हणून दाखवायचो आणि भुजंगप्रयाताच्या चालीवर तुमची पटाशी आपोआप चालायची.

पुढे धाव घेती नदीचे किनारे,
झुके शेत सारे, पळे रानवारे

तुम्ही विचारलं होतं, मास्तर, नदी धावते, किनारे कुठे धावतात? मी म्हटलं, होडीत बसून पाहा. तुम्ही म्हणालात, मालेगावात होडी कुठली.

उत्तर लवकर यावं.
तुमचा
गोटीराम


मालेगाव
शुक्रवार, १३ नोव्हेंबर १९३६

मास्तरसाहेबांस इब्राहिमचा सलाम.

जुम्म्याची नमाज करून आलो तर तुमचा कागद आलेला. जेवण तसंच राहिलं. खातूनबी म्हणाली, “मास्तरांचा कागद आला की तुम्हाला भूक लागत नाही. सवत असती तर भांडता तरी आलं असतं.”

काम करतो. का करणार नाही? पण माझी हालत तुम्हाला ठाऊक असू द्या. भिवंडीत नियाजने आमच्यासाठी दोन खणांची खोली धरून ठेवली आहे. घरमालक दर आठवड्याला विचारतो, तुझे आईबाप येणार कधी, आणि हा सांगतो, ईद झाली की येतात. मला त्याचा राग नाही. मुलगा आईबापाला जवळ बोलावतो, यात वाईट काय. पण इथे मला लोक ठसेवाला म्हणतात. तिथे नियाजचा बाप म्हणतील.

आता कामाचं. बालबोध अक्षराच्या डोक्यावर रेघ असते. अक्षराबरोबर रेघही झुकवली तर सगळा शब्द चढण चढतो आहे असं दिसेल. म्हणून रेघ सरळ ठेवतो आणि तिच्याखालचं अंग झुकवतो. दुसरं, ‘री’ची वेलांटी. अक्षर झुकलं की ती तुकड्याच्या बाहेर निघते, आणि बाहेर लोंबणारं लाकूड यंत्राच्या दाबाने तुटणार. म्हणून काना आणि वेलांटी वेगळी न ठेवता ‘रा’ आणि ‘री’ रुंद तुकड्यात सबंध कोरतो. वालिदांनी सुकवून ठेवलेला शिसव आहे माझ्याकडे. तीन तुकडे निघतील. तेवढाच उरला आहे, पण त्याला यापेक्षा चांगलं काम मिळणार नाही.

पुढे झुकवायची ना, झुकवतो. फिकर करू नका.

इकडे पेठेत तुमच्या दिवाळीचे आकाशकंदील लागले आहेत. अमावास्या सरली की आमचा चाँद. रोजे धरून काम करीन, रोज्यात माझा हात हलका चालतो.

इब्राहिम


मालेगाव
रविवार, २९ नोव्हेंबर १९३६

मास्तरसाहेबांस सलाम.

रोजा सोडायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात लिहितो. तीनही अक्षरं आज निजामच्या मोटारीत दिली. निजाम आमच्याच गल्लीतला, आग्रा रोडवर मालेगाव-नाशिक सर्व्हिस मोटार चालवतो. गाठोडं उचलून म्हणाला, “काय जड शे हाई. अक्षरं शेतस का दगड?”

मास्तर, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण असं काम माझ्या हातून पूर्वी झालं नाही. ‘भ’ची गाठ कोरताना तर श्वास धरून बसलो होतो. तेल लावून तिन्ही तुकडे उन्हात ठेवले, तर खातूनबी आतून म्हणते, “दार लावून घ्या, आत्ता उठून पळतील.” तिला बालबोध वाचता येत नाही. तरी तिला पळणं दिसलं.

एकच विनंती. काळूशेठ काय म्हणाले ते लगोलग कळवा. नियाजचं कार्ड आलं आहे: घरमालक आता थांबत नाही, हो की नाही ते एकदाचं सांगा. मी तुमच्या कागदासाठी थांबलो आहे.

इब्राहिम


पंचवटी, नाशिक
बुधवार, २ डिसेंबर १९३६

प्रिय इब्राहिमभाई,

अक्षरं सुखरूप पोचली. काय कोरणी आहे. मी कडेवरून बोट फिरवलं, कुठे कुसळ लागत नाही. ‘भ’च्या गाठीपाशी तर मी चष्मा काढून, डोळे पुसून पुन्हा पाहिलं. आमच्या सिंधुबाईंनी तीनही तुकडे देव्हाऱ्यासमोर ठेवले आणि हळद-कुंकू वाहिलं. मी म्हटलं, अगं, मुसलमानाच्या हातचे आहेत. म्हणाल्या, “देवाला विचारलं मी, त्याला चालतंय.”

छापण्याचं म्हणाल, तर काळूशेठ निवडणुकीच्या कामात गळ्यापर्यंत बुडाले आहेत. फेब्रुवारीत मतदान, प्रत्येक उमेदवाराला भिंत हवी. सवडीने सांगतील. तुम्ही उपाशीपोटी जिवाला घोर लावून घेऊ नका. काळजीचं कारण नाही.

इथे थंडी पडली आहे. सकाळी गंगागोदावरीवर धुकं असतं आणि पलीकडचा घाट दिसत नाही, नुसते आवाज येतात. परवा एक मुलगा घाटावर बसून मोठ्याने कविता पाठ करत होता. कडव्याच्या शेवटच्या ओळीला अडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मी बराच वेळ उभा होतो, पण त्याला ती ओळ काही सांगितली नाही.

तुमचा
गोटीराम


मालेगाव
सोमवार, ७ डिसेंबर १९३६

मास्तरसाहेबांस इब्राहिम आणि खातूनबी यांचा सलाम.

‘काळजीचं कारण नाही’ एवढं तुम्ही लिहिलंत आणि मी समजलो. मोठी माणसं आनंदाची गोष्ट सावकाश सांगतात. त्याच दिवशी नियाजला लिहून टाकलं: आम्ही येत नाही, खोली सोडून दे, बापाला काम मिळालं आहे, तेही घरी बसून.

त्याचं उत्तर आज आलं. खोली दुसऱ्याला गेली. दोनच ओळी आहेत. ईदला येतो म्हणतो. राग आला असेल, येऊन जाईल. इथे येऊन मुळाक्षरं कोरताना पाहील तेव्हा त्यालाही बरं वाटेल. लहानपणी माझ्या मांडीला मांडी लावून पटाशी चालवायचा. हात चांगला होता त्याचा, धीर नव्हता.

खातूनबीने इफ्तारीला गल्लीत गुलगुले वाटले. कुणी विचारलं तर सांगते, “आमचे नाशिकला छापून येणार.” जसा काही माझा फोटोच येणार आहे.

संचातलं पहिलं अक्षर कोणतं हवं ते काळूशेठना विचारून ठेवा.

इब्राहिम


पंचवटी, नाशिक
बुधवार, ९ डिसेंबर १९३६

प्रिय इब्राहिमभाई,

तुमचं पत्र वाचलं. आता लपवून चालणार नाही.

अक्षरं आली त्याच दिवशी काळूशेठनी ती यंत्रावर चढवली आणि एक कागद काढला. कागद दोरीला लावला. अक्षरं मागे झुकली आहेत, इब्राहिमभाई. शब्द स्वच्छ वाचता येतो, शाई कुठे सुटलेली नाही, कडा तलवारीसारख्या आहेत, पण तिन्ही अक्षरं मागे रेललेली. काळूशेठ म्हणाले, “वाल्मीकराव, तुमच्या सायकलीला कुणीतरी मागून धरलंय.” छापखान्यातले सगळे हसले. वाल्मीक मात्र माझ्याकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, “मामा, शर्यतीच्या जाहिरातीवर हे लावलं तर लोक मला सायकलवाला म्हणणार नाहीत, आरामखुर्चीवाला म्हणतील.”

मी वेड्यासारखे तुकडे उलटे फिरवून पाहिले. खालचं वर केलं तरी झुकाव तोच राहतो.

मला वाटतं, वय झालं की असं होतं. ठसा कागदावर उलटा पडतो हे या वेळी तुमच्या ध्यानातून गेलं असावं. माझंही हल्ली कडवं मध्येच तुटतं. पण तुम्हाला रोज्यात हे कसं लिहावं, म्हणून मी अक्षरांच्या कडांचं कौतुक करत बसलो. वाटलं, काळूशेठना समजावीन, वाल्मीकला समजावीन, मग लिहीन. दोघेही समजले नाहीत. आणि तेवढ्यात तुम्ही खोली सोडलीत.

आता खरं ते सांगतो. शनिवारी, १९ तारखेला, दुपारी बारापर्यंत यंत्र वाल्मीकसाठी मोकळं आहे. त्यानंतर निवडणुकीचं काम चढणार ते उतरणार नाही. तोवर नीट अक्षरं आली तर काळूशेठचा शब्द कायम. नाही आली तर जुन्याच उभ्या अक्षरांत जाहिरात निघेल आणि संचाचा विषय संपला, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

काय करू ते तुम्ही सांगा.

गोटीराम


मालेगाव
शुक्रवार, ११ डिसेंबर १९३६

मास्तर,

ठसा उलटा पडतो, हे तुम्ही मला सांगता?

ते विसरलो असतो तर शब्द आरशातल्यासारखा उमटला असता, कुणाला वाचता आला नसता. वाचता आला ना? मग मी काही विसरलेलो नाही. मला जसा उमटायला हवा होता तसाच तो उमटला आहे. तुम्ही लिहिलंत पुढे झुकवा, मी पुढे झुकवली. मदरशात पाटी हातात आली ती उजवीकडून डावीकडे जाणारी. तिथून माझा हात सुरू झाला. माझ्या ठशांतली हरणं, घोडे, सांडणीस्वार, सगळे डाव्या हाताला तोंड करून पळतात. आजवर एकाही व्यापाऱ्याने म्हटलं नाही की हरीण मागे पळतं आहे. बालबोध मी डावीकडून वाचतो, तुम्हीच शिकवलंत. पण पळणारं काही कोरायचं म्हटलं की हात आपल्या वाटेने जातो. मला वाटलं, किती छान धावतात.

तुम्ही काढून दाखवलं असतं तर हे झालं नसतं. तिरकं काढायला तुमचा हात धजला नाही. तुमच्या हाताची लाज राहिली आणि माझा शिसव गेला. आणि वर, कळूनही गप्प बसलात. मी रोजा धरला होता, अंथरूण नव्हतं धरलं. मी ऐकून घेतलं असतं. तुमच्या ‘काळजीचं कारण नाही’ने माझ्या पोराची खोली घालवली. खातूनबी आता गल्लीत बाहेर पडत नाही.

नियाज ईदला येतो आहे. त्याला काय सांगू, की अब्बाचं काम छापून आलं, फक्त लोक हसले?

तुकड्यांची पाठ कोरी आहे. ते निजामबरोबर परत पाठवा, पाठीवर कोरतो. ‘री’च्या पाठीला गाठ आहे, पटाशी सरकली तर दुसरा तुकडा नाही. ते माझं मी बघीन. पण तुमच्या हाताने काढलेली तिरकी अक्षरं आल्याशिवाय मी लाकडाला हात लावणार नाही. भाच्याच्या हातची नकोत, काळूशेठची नकोत. तुमच्या हातची हवीत.

इब्राहिम


पंचवटी, नाशिक
रविवार, १३ डिसेंबर १९३६

इब्राहिमभाई,

तुम्ही लिहिलं ते सगळं खरं आहे. त्यातला एक शब्दही मी परत करत नाही.

तुकडे निजामच्या ताब्यात दिले आहेत आणि त्यांच्याबरोबर हा कागद. अक्षरं माझ्या हातची आहेत. काल दुपारी जेवून बसलो. पहिलं अक्षर काढलं, उभं आलं. दुसरं काढलं, तेही उभं. मनात म्हणतो झुक, आणि हात आपला ताठ, शाळा तपासायला साहेब आल्यासारखा. भुजंगप्रयात म्हणत काढून पाहिलं, चाल धावायची आणि अक्षर उभं राहून ऐकायचं. दौत अर्धी रिकामी झाली. तुमच्यावर मी किती सहज ढकललं होतं, ते तेव्हा कळलं.

सिंधुबाई ताक घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “हात वाकत नसेल तर कागद वाकडा धरा की. जन्मभर पोरांचे हात पिळलेत, आता कागद पिळा.” कागद तिरका धरला, हात होता तसाच ठेवला, अक्षर नेहमीसारखं उभं काढलं. मग कागद सरळ केला तर अक्षर पुढे झुकलेलं. हसलो नाही, पण हसायला आलं होतं. डोक्यावरची रेघ मात्र कागद सरळ करून मागाहून ओढली, तुम्ही सांगितलं होतं तशी.

प्रत्येक अक्षराखाली बाण काढला आहे. बाण उजव्या कडेकडे आहे. छापून आल्यावर अक्षरांनी तिकडे जायचं. ‘भ’ थोडा कमी झुकला आहे, ‘री’ जास्त, तो फरक माझा. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

ईद मंगळवारी होईल की बुधवारी? जेव्हा होईल तेव्हा, आमच्या दोघांकडून मुबारक. नियाजला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. एवढं सांगा, की चूक मास्तरची होती. तो मला ओळखतो, त्याला पटेल.

गोटीराम


पंचवटी, नाशिक
रविवार, २० डिसेंबर १९३६

इब्राहिमभाई,

हे पत्र तुम्हाला मालेगावात सापडेल की नाही, मला ठाऊक नाही.

काल सकाळपासून मी छापखान्याच्या पायरीवर होतो. निजामची मोटार येण्याची वेळ झाली आणि गेली. आत यंत्राशेजारी निवडणुकीची चौकट बांधून तयार, अक्षरं जुळवणारा जुळारी हात पुसत उभा. काळूशेठ दर थोड्या वेळाने बाहेर येऊन माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघायचे. शेवटी म्हणाले, “मास्तर, मी बारा म्हटलं होतं, साडेबारा नाही.” वाल्मीक सायकलवर बसला आणि आडगावच्या बाजूला सुटला. मोटार त्याला वाटेतच उभी भेटली, चांदवडजवळ टायर फुटून उशीर झालेली आणि आता पुन्हा बंद पडलेली. गाठोडं छातीशी बांधून तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता.

काळूशेठनी घड्याळ काढलं, पाहिलं आणि खिशात ठेवलं. म्हणाले, “चढवा.”

मला यंत्राकडे बघवेना. मी पाठ करून उभा राहिलो. दाब पडल्याचा आवाज आला, मग कागद सोलल्यासारखा सुटल्याचा. नंतर कुणी हसलं नाही. तेव्हा मी वळलो.

इब्राहिमभाई, अक्षरं पुढे झुकली आहेत. त्यातली ‘री’ तर अशी, की वेलांटी वाऱ्याने मागे उडाली आहे. जाड आहेत, पण जड नाहीत. मी आयुष्यभर ज्याला वाकडं म्हणत आलो, ते हे नव्हतं.

काळूशेठनी ओला कागद उचलला, रस्त्यावर नेला आणि समोरच्या भिंतीला लावून उभे राहिले. भागुबाई म्हणून मळ्यातली बाई आमच्याकडे भाजी घेऊन येते, ती पाटी डोक्यावर घेऊन जात होती. भिंतीपाशी आली आणि पाटी सावरून बाजूला झाली. काळूशेठनी विचारलं, “काय गं, काय झालं?” ती म्हणाली, “काय लिवलंय ते मला नाय कळत. पण लय घाईत हाय, म्हणून वाट दिली.”

काळूशेठ आत आले आणि जुळाऱ्याला म्हणाले, “सगळे काढ.” मग माझ्याकडे वळून: “संच सांगा तुमच्या ठसेवाल्याला. मुळाक्षरं, बाराखडी, आकडे. उमेदवार गादीवर बसलेला असतो, त्याचं नाव तरी पळू दे.”

हे सगळं तुमचं आहे. पण गाठोड्यात चिठ्ठी नव्हती. तुम्ही कधी चिठ्ठीशिवाय काही पाठवलं नाहीत. आणि गाठोड्याची गाठ तुमची नव्हती, तुमची मी ओळखतो. निजामला विचारलं तर म्हणाला, ईदपासून इब्राहिमचाचा दिसला नाही, गाठोडं नियाजने आणून दिलं आणि लगेच परत फिरला. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर तुमचं दार कुलपात दिसतं. त्याने तुम्हाला नेलं का? काळूशेठना मी अजून काही सांगितलेलं नाही. एक ओळ लिहा. कुठूनही लिहा.

गोटीराम


मालेगाव
गुरुवार, २४ डिसेंबर १९३६

मास्तरसाहेबांस इब्राहिमचा सलाम.

मी घरीच आहे. घाबरवलं, माफ करा.

नियाज ईदच्या सकाळी आला. नमाज झाली, शीरखुर्मा झाला, मग मी सगळं सांगितलं. चूक मास्तरची, असं नाही सांगितलं. दोघांची सांगितली. तो म्हणाला, “अब्बा, खोली गेली. आता हेही गेलं तर तुम्हाला ठेवू कुठे?” आणि उठून बाहेर गेला. मी सणाच्या दिवशी तुमचा कागद समोर ठेवून कोरायला बसलो. खातूनबी रडली, मग स्वतःच दिवा जवळ आणून ठेवला.

‘भ’ झाला, ‘रा’ झाला. ‘री’ होत आला आणि गाठीपाशी पटाशी सरकली. लाकूड वाचलं, डाव्या हाताचा अंगठा नाही वाचला. बराच चिरला. तुकडा धरता येईना. नियाज दारात उभा होता, किती वेळ होता कोण जाणे. आत आला, माझ्या अंगठ्याला फडकं बांधलं, मांडी घालून बसला आणि तुकडा पुढ्यात ओढला. म्हणाला, “सांगा.” मी सांगत गेलो, तो कापत गेला. तुम्हाला वाऱ्याने उडालेली वाटली ती वेलांटी त्याच्या हातची आहे. काळूशेठनी पाहण्याआधी मी हे मुद्दाम लिहिलं नाही. तुम्ही एकदा माझ्यापासून लपवलंत, मीही एकदा लपवलं. आता बरोबरी झाली.

मंगळवारी तुमचा कागद आला. मी तो नियाजला वाचायला दिला. त्याने भाजीवाल्या बाईचं पुन्हा वाचलं आणि कागदाची घडी घालून माझ्या टोपीत ठेवला. मी म्हटलं, इथेच राहा, दोघं मिळून कोरू. म्हणाला, “मागावरचा महिना बांधलेला आहे अब्बा, आणि माझ्यात तुमचा धीर नाही.” ते खरं आहे.

अंगठा बरा व्हायला वेळ लागेल, काळूशेठना तेवढं सांगा. तोवर लाकूड बघून ठेवतो, आणि तुम्ही अक्षरं काढत राहा, कागद वाकडा धरून.

काल त्याला मोटारीवर बसवायला मी आणि खातूनबी दोघं गेलो होतो. आमचं सामान न्यायला आणलेली रिकामी ट्रंक त्याने टपावर चढवली. मोटार सुरू झाली तेव्हा त्याने खिडकीतून माझा बांधलेला हात हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि म्हणाला, “खोली आता लहान बघतो, माझ्यापुरती.”

इब्राहिम